वृत्तपत्रांचे एकत्रीकरण आणि स्पर्धेचा कायदा

स्पर्धाविषयक कायद्याचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे सिमेंटचे, साबणाचे, मोटारींचे कारखाने येतात. दोन साबण-कंपन्या एक झाल्या, तर ग्राहकाचे नुकसान रुपयांत मोजता येते. वृत्तपत्र हीदेखील विक्रीची वस्तू आहे. परंतु ती एकाच वेळी दोघांना विकली जाते. वाचक अंक विकत घेतो आणि जाहिरातदार त्या वाचकाचे लक्ष विकत घेतो. म्हणून दोन दैनिके एका मालकाकडे गेली, तरी अंकाची किंमत वाढेलच असे नाही. कदाचित ती उतरेलही. कमी होते ते निराळेच. महापालिकेच्या सभेला जेथे दोन वार्ताहर बसत, तेथे एकच उरतो. आणि त्याने न लिहिलेली गोष्ट गावाला कळण्याचा दुसरा मार्ग राहत नाही. हे नुकसान कायद्याच्या दृष्टीस कसे पडावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आपल्या देशात या प्रश्नाचा पहिला मोठा निकाल लागला तो एका मराठी दैनिकाच्या अर्जावर. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ साली आपला अहवाल दिला. बडी, धनवान वृत्तपत्रे कमी किमतीत अधिक पाने देऊन लहानांना बाजारातून हुसकावून लावतात, तेव्हा पाने आणि किंमत यांचे प्रमाण सरकारने ठरवून द्यावे, असा त्याचा एक विचार होता. त्यानुसार १९५६ साली कायदा झाला आणि १९६० साली त्याखालील आदेश निघाला. अनुचित स्पर्धा रोखणे आणि अल्प साधनांच्या, विशेषतः भारतीय भाषांतील, वृत्तपत्रांना वाव देणे हा त्या कायद्याचा उद्घोषित हेतू होता.

हेतू उत्तम होता यात संशय नाही. परंतु त्या आदेशाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले ते पुण्याच्या 'सकाळ'ने! १९३२ साली ना. भि. परुळेकर यांनी स्थापन केलेल्या या दैनिकाचा खप त्या वेळी पन्नास हजारांच्या थोडा वर होता. रविवार वगळता आठवड्याच्या सहा दिवसांत मिळून ते ३४ पाने देई आणि अंकाची किंमत ७ नवे पैसे होती. नव्या आदेशाप्रमाणे त्या किमतीत २४ च पाने देता येत. ३४ पाने द्यावयाची तर किंमत ८ नवे पैसे करणे भाग होते. एका पैशाचा हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण किंमत वाढली तर वाचक घटणार आणि पाने घटली तर मजकूर घटणार, असा तो पेच होता. ज्यांच्या रक्षणासाठी कायदा केला, त्यांच्यापैकीच एकाच्या गळ्याला तो आवळू लागला.

२५ सप्टेंबर १९६१ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला; तो लिहिला न्या. ज. रा. मुधोळकर यांनी. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे : विचार प्रसृत करण्याचा अधिकार म्हणजे ते किती लोकांपर्यंत आणि किती विस्ताराने पोहोचवावेत हे ठरविण्याचाही अधिकार. व्यापारावर सार्वजनिक हितासाठी बंधने घालता येतात, हे खरे. परंतु भाषणस्वातंत्र्यावरील बंधनांची कारणे घटनेने मोजून दिली आहेत आणि त्यांत स्पर्धेचे नियमन नाही. कायद्याचे मुख्य कलम व आदेश दोन्ही रद्द झाले. पुढे ३० ऑक्टोबर १९७२ रोजी बेनेट कोलमन खटल्यात, दहा पानांची मर्यादा घालणारे आणि समान मालकीच्या संस्थांना नवे वृत्तपत्र किंवा नवी आवृत्ती काढण्यास मज्जाव करणारे वृत्तपत्रकागदाचे धोरणही असेच कोसळले. न्या. मॅथ्यू यांनी मात्र आपले मत वेगळे नोंदविले. त्यांच्याच अध्यक्षतेखालील दुसऱ्या आयोगाने १९८२ साली पाने व किंमत यांच्या प्रमाणाचा मुद्दा पुन्हा मांडला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. प्रस्तुत लेखकाला १९६१ चा निकाल योग्यच वाटतो. पाने मोजण्याचा अधिकार ज्याच्या हाती, तो उद्या मजकूरही मोजू लागेल. परंतु निकालाने रोग नाहीसा झाला नाही. केवळ एक औषध निषिद्ध ठरले.

मालकीच्या एकत्रीकरणाकडे पाहण्याचा दुसरा मार्ग सर्वसाधारण कायद्यातून जातो. १९६९ च्या मक्तेदारीविरोधी कायद्यातील विलीनीकरणाच्या पूर्वपरवानगीची तरतूद १९९१ साली निघाली. २००२ च्या स्पर्धा कायद्यातील एकत्रीकरणाची कलमे १ जून २०११ पासून अमलात आली. मोठे एकत्रीकरण आता स्पर्धा आयोगाला आधी कळवावे लागते, आणि स्पर्धेवर लक्षणीय विपरीत परिणाम होईल काय, हे आयोग पाहतो. पण 'मोठे' म्हणजे किती? मार्च २०२४ च्या अधिसूचनेनुसार, घेतल्या जाणाऱ्या उद्योगाची भारतातील मालमत्ता ४५० कोटी रुपयांपर्यंत किंवा उलाढाल १,२५० कोटींपर्यंत असेल, तर सामान्यतः कळविण्याची गरज नाही. जिल्ह्याच्या गावचे कोणते दैनिक ही रेषा गाठील? शिवाय आयोगाने विचारात घ्यावयाच्या गोष्टींची जी लांबलचक यादी कायद्यात आहे, तीत मतांच्या विविधतेचा उल्लेख नाही.

आपल्या माळवा-निमाडच्या वाचकांना परिचित असे उदाहरण इंदूरच्या 'नई दुनिया'चे आहे. ५ जून १९४७ रोजी सुरू झालेल्या या हिंदी दैनिकाला राहुल बारपुते यांच्यासारखा मराठी घरातला संपादक लाभला. राजेंद्र माथुर आणि प्रभाष जोशी याच दैनिकात घडले. २०१२ साली ते कानपूरच्या जागरण प्रकाशनाने विकत घेतले. दैनिक बंद पडले नाही, नावही तेच राहिले. निव्वळ बाजाराच्या हिशेबाने पाहता यात वावगे काही नाही. खरेदीदार मिळाला नसता तर काय झाले असते, हाही प्रश्न उरतोच. मात्र इंदुरात घेतला जाणारा निर्णय आता इंदुरातच घेतला जाईल, याची हमी देणारे कलम त्या कायद्यात कोठेही नाही.

इंग्लंडमध्ये १९६५ पासून वृत्तपत्रांच्या विलीनीकरणासाठी स्वतंत्र नियम आहेत. बातम्यांची अचूक मांडणी, मतांची मुक्त अभिव्यक्ती आणि मतांची पुरेशी विविधता या कसोट्या तेथे कायद्यातच लिहिल्या आहेत. तरीही १९८१ साली रूपर्ट मर्डोक यांनी 'टाइम्स' आणि 'संडे टाइम्स' घेतले, तेव्हा प्रकरण चौकशी आयोगाकडे गेलेच नाही. तोट्यातील पत्रांसाठी ठेवलेली पळवाट मंत्र्यांनी वापरली. असो.

भारतात अशा कसोट्यांच्या जवळ जाणारा प्रयत्न दूरसंचार नियामक प्राधिकरणाने १२ ऑगस्ट २०१४ रोजी केलेल्या शिफारशींत आढळतो. दैनिके व दूरचित्रवाणी यांची मालकी एका हाती किती साठावी, याचे गणित त्यांत मांडले होते. त्यांचा कायदा झाला नाही. २०२२ साली प्राधिकरणाने तोच विषय पुन्हा चर्चेला घेतला. पण त्या शिफारशींतील एक व्याख्या आपण बऱ्हाणपूरकरांनी अवश्य वाचावी. बाजारपेठेची सीमा ठरविताना भाषा विचारात घ्यावी, असे स्पर्धा कायदाही सांगतो. प्राधिकरणाने त्यापुढे जाऊन, भाषा आणि ती जेथे बहुसंख्यांची आहे ती राज्ये, अशी सीमा सुचविली. या मोजपट्टीने हिंदीची बाजारपेठ मध्य प्रदेशात येते आणि मराठीची महाराष्ट्रात. सिंधीपुऱ्यात मराठी दैनिक वाचणारा गृहस्थ त्या मराठी बाजारपेठेच्या हद्दीबाहेर आहे. जळगावकडच्या दोन मराठी दैनिकांची उद्या एक मालकी झाली, तर त्याच्यापुढील पर्याय निम्मे होतील. पण नियामकाच्या तक्त्यात तो मोजलाच जाणार नाही.