वादळानंतर घरदुरुस्ती : मिस्त्री पारखून घ्या



३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ कोकणपट्टीला घासून गेलं. दोन्ही वेळा कौलं फुटली, पत्रे उडाले आणि पावसाळा तोंडावर. अशा घाईत दारात येईल त्याच्या हाती आपण पैसे ठेवतो. फसगत होते ती इथंच. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

१. आधी पंचनामा : पडझडीचे फोटो काढा, तलाठ्याला कळवा. ताडपत्री टाकून घर झाका; पण मोडके वासे, फुटकी कौलं पंचनामा होईपर्यंत टाकून देऊ नका.

२. माणूस ओळखीचा : गावचा किंवा शेजारगावचा सुतार, गवंडी मिळाला तर उत्तम. परका असेल तर त्यानं केलेलं, एक पावसाळा काढलेलं घर बघून या. घरधन्याला विचारा, गळलं तेव्हा हा परत आला का? 'सरकारी मदत मीच आणून देतो, कोऱ्या कागदावर सही करा,' असं म्हणणाऱ्याला लांबूनच राम राम करा.

३. बोली कागदावर : कौलं किती, पत्रा किती गेजचा, लाकूड कोणतं, माल कोण आणणार, मजुरी किती आणि काम कधी पुरं होणार, हे लिहून दोघांनी सह्या करा. गेजचा आकडा लहान तेवढा पत्रा जाड, हे विसरू नका.

४. पैसे टप्प्यानं : समजा मजुरी ३०,००० रुपये ठरली. ६,००० विसार द्या, वासे-रिपा बसल्यावर १२,०००, छप्पर चढल्यावर ९,०००. उरलेले ३,००० पहिला मोठा पाऊस न गळता गेल्यावर. मात्र हेही आधीच कागदावर घ्या. प्रत्येक वेळी पावती घ्या. माल शक्यतो स्वतः आणा.

५. कामावर नजर : वाळवीनं पोखरलेल्या वाशावर नवं छप्पर चढवू देऊ नका. पत्र्याचा हुक पन्हळीच्या उंचवट्यावर हवा, खोलगटात नको. तिथून पाणी झिरपतं. वारा पत्रा उचलतो तो कडेनं, म्हणून वळचणीला आणि आढ्याला हुक जवळजवळ मारून घ्या.

चांगला मिस्त्री अशा विचारण्यानं रागावत नाही. जो रागावेल, त्याला काम न दिलेलंच बरं. आणि काम चोख झालं, तर कबूल केलेला पैसा त्याच दिवशी चुकता करा. पुढच्या वादळात तोच माणूस हाकेला धावून येईल.