‘एकरी खर्च किती?’ उत्तर देण्यापूर्वी थोडं थांबा!



सुगी आटोपली की हातात फॉर्म घेऊन एखादा मुलगा किंवा मुलगी तुमच्या बांधावर येते. एम.कॉम. नाहीतर एम.बी.ए.ला फायनान्स विषय घेतलेला असतो आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प असतो ‘पीककर्ज आणि शेतीचा खर्च’. आपण कामाच्या गडबडीत असतो. ‘लिही बाबा, एकरी पंधरा हजार’ म्हणून मोकळे होतो. पोरगंही लिहून घेतं आणि पुढच्या घरी जातं. इथंच दोघांचं नुकसान होतं.

मागच्या हंगामानंतर अशीच एक मुलगी माझ्याकडे आली. कोरडवाहू शेतकऱ्याचीच लेक. तिच्याबरोबर मी दोन दिवस फिरलो. पहिल्याच घरी आजोबांनी सोयाबीनचा खर्च सांगितला पंधरा हजार. मी तिला म्हटलं, जरा खोदून विचार.

‘आजोबा, बियाणं कुठलं?’
‘घरचंच की!’
‘खुरपणी कोणी केली?’
‘सुनेनं अन् हिनं.’
‘आणि बैल?’
‘बैलही घरचेच. त्याचा कसला खर्च?’

बाजारभावानं हे सगळं धरलं तर आकडा एकवीस हजारांवर गेला. उतारा आजोबांनी ‘बारा’ सांगितला होता, तिने बारा क्विंटल लिहिला. ती होती साठ किलोची पोती, म्हणजे सव्वासात क्विंटलसुद्धा नाही. दोन चुका एकत्र आल्या आणि कागदावर आजोबा मालामाल!

केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोगही खर्च एकाच मापाने मोजत नाही. ‘ए-२’ मध्ये प्रत्यक्ष भागवलेला खर्च येतो. त्यात घरच्या माणसांची मजुरी मिळवली की ‘ए-२ अधिक एफएल’ होतो. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याजही धरलं की ‘सी-२’. मुलांना हे पुस्तकात शिकवतात, पण ते समजतं बांधावर.

संगणक बेरीज करतो, विचार नाही

आता आकडे संगणकात गेले. समजा, पाच शेतकऱ्यांची एकरी शिल्लक पाच, सहा, सात, आठ आणि चौतीस हजार आहे. सरासरी येते बारा हजार. पण पाचांपैकी एकाच्याही हातात बारा हजारांच्या आसपास रक्कम नाही! क्रमाने मांडून मधला आकडा घेतला तर येतो सात हजार. गावाची स्थिती तो खरी सांगतो. चौतीस हजारवाल्याकडे ठिबक आहे. त्याचा आकडा खोडायचा नाही, वेगळा समजून घ्यायचा.

दुसरा फसवा निष्कर्ष असा, की ‘कर्ज घेणाऱ्यांचं उत्पन्न जास्त, म्हणजे कर्जानं उत्पन्न वाढतं’. अहो, ज्याची विहीर आहे त्याला कर्जही लवकर मिळतं आणि पीकही चांगलं येतं. मग वाढ कर्जाची की पाण्याची? बागायतीची तुलना बागायतीशी, जिरायतीची जिरायतीशी केली तरच काही उमगतं.

तिसरी गोष्ट म्हणजे यादी. सोसायटीतून सभासदांची यादी घेतली की ज्याला कर्जच मिळालं नाही तो सुटतो. सातबाऱ्यावर नाव नसलेला बटाईदारही सुटतो. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत ७५ जिल्ह्यांतली ६०० गावं घेऊन सव्वा लाखाहून अधिक कुटुंबांची माहिती गोळा केली होती. गोरवाला समितीत आपले धनंजयराव गाडगीळ होते. १९५४ च्या अहवालात दिसलं, की शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा फक्त ३.१ टक्के. नुसत्या सभासदांना विचारलं असतं तर हे कळलं असतं का?

मी हे शहाणपण फुकट शिकलो नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका पाहणीचे तीस फॉर्म मी पारावर बसून भरले. तिसांचा खर्च जवळपास सारखाच! वरच्या साहेबांनी एकच विचारलं, ‘सगळ्यांच्या जमिनी एकाच वावरात आहेत का?’ मान खाली घालून पुन्हा घरोघर फिरलो.

हा काही नुसता मार्कांचा प्रश्न नाही. जिल्हास्तरीय तांत्रिक समिती पीककर्जाचे दर ठरवते ते लागवडीच्या खर्चावरून. आपणच खर्च कमी सांगायची सवय लावून घेतली तर कर्ज अपुरं पडतं आणि उरलेल्यासाठी सावकाराची पायरी चढावी लागते. शिवाय हीच मुलं उद्या बँकेत बसून तुमची प्रकरणं तपासणार आहेत.

तेव्हा एवढं करा. एका वहीत बियाणं, खत, फवारणी, मजुरी आणि घरच्यांचे कामाचे दिवस तारखेसह लिहा. उतारा वजनात सांगा, क्षेत्र एकर-गुंठ्यांत. कर्ज, उसनवारी लपवू नका; मात्र फॉर्मवर नाव न लिहिण्याचा आग्रह जरूर धरा. आणि पोरांना बजावून सांगा, ‘काय निघालं ते गावात येऊन वाचून दाखव.’

ती मुलगी आली होती. चावडीत तिने आकडे वाचले. आजोबा सुनेकडे बघून म्हणाले, ‘तुझी मजुरी एवढी झाली होय गं!’