आफ्रिकेतील मध्यमवर्ग : व्याख्या आणि मोजमाप

आफ्रिकेत मध्यमवर्ग किती, याचे उत्तर मोजपट्टीवर अवलंबून आहे. आफ्रिकन विकास बँकेने २०११ साली क्रयशक्तीनुसार दररोज दरडोई २ ते २० डॉलर खर्च करणाऱ्यांना मध्यमवर्गीय मानले. या हिशेबाने सुमारे ३४ टक्के लोक त्यात आले. परंतु त्यांपैकी सुमारे ६० टक्के २ ते ४ डॉलरच्या पायरीवरच होते. बँकेनेच त्यांना ‘तरंगता वर्ग’ म्हटले. तो वगळल्यास प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास उरते. एखादे दीर्घ आजारपण अशा कुटुंबाला पुन्हा दारिद्र्यात लोटू शकते. म्हणून खर्चाबरोबरच शिल्लक, कायम नोकरी, शिक्षण हेही मोजावे, असे मला वाटते. अन्यथा मध्यमवर्गीय ठरलेल्या गरिबाचे नाव मदतीच्या यादीतून गळण्याचा धोका आहे.