उरलेली की जिंकलेली?

माझी भाची पुण्यात एका कंपनीत चिनी भाषेची दुभाषी आहे. यंदा दिवाळीत फराळाची ताटली मांडीवर घेऊन तिने मला चिनी शिकवायला घेतलं. पुस्तकातलं नाही हं, तिकडची तरुण मुलं इंटरनेटवर एकमेकांना जी नावं ठेवतात, ते. म्हणाली, "मावशी, नावं ठेवण्यात आपणच हुशार आहोत असं समजू नकोस."

पगार झाला की महिनाअखेरपर्यंत खिसा साफ करणारे ते 'यूए-ग्वांग'. 'यूए' म्हणजे महिना आणि चंद्रही. 'ग्वांग' म्हणजे उजेड आणि 'सगळं संपलं' असंही. म्हणजे चांदणं म्हणा नाहीतर कडकी म्हणा! हातीपायी धड असून आईबापांच्या जिवावर जगणारा तो 'खन-लाओ', शब्दशः म्हाताऱ्यांना कुरतडणारा. आणि लग्नाचा झाला तरी आईला विचारल्याशिवाय पाऊल न उचलणारा तो 'मा-बाओ-नान'. हा तर आमच्या गल्लीतच दोन-तीन घरी सापडेल.

मग आली 'बाय-फू-मेइ'. गोरी, श्रीमंत, सुंदर. इथे माझं हसू जरा कमी झालं. आमच्या महिला मंडळाचं वधू-वर सूचक केंद्र मी सांभाळते. मुलांच्या अपेक्षांच्या रकान्यात वेगळं काय असतं?

आणि शेवटी 'शंग-न्यू'. 'न्यू' म्हणजे स्त्री, 'शंग' म्हणजे उरलेली. जेवणं झाल्यावर भाजी उरते ना, तिलाही हाच शब्द. शिकली, शहरात नोकरीला लागली, सत्ताविशी ओलांडली आणि लग्न नाही, की झाली ती उरलेली. बरं, हे नुसतं पोरांच्या तोंडी राहिलं असतं तर सोडून दिलं असतं. पण २००७ साली चीनच्या शिक्षण मंत्रालयाने नव्या शब्दांच्या यादीत त्याला जागा दिली. २०११ मध्ये तर स्त्रियांसाठीच असलेल्या सरकारी महासंघाच्या संकेतस्थळावर एक लेख आला. मुली मोठमोठ्या पदव्यांच्या मागे लागतात, तोवर वय वाढून त्यांची किंमत उतरते, अशा अर्थाचा. बायकांच्या संस्थेनेच हे छापावं!

गंमत बघा. २०२० च्या जनगणनेत चीनमध्ये बायकांपेक्षा पुरुष जवळजवळ साडेतीन कोटींनी जास्त निघाले. एकच मूल हा नियम आणि मुलगाच हवा हा हट्ट, त्याचं हे फळ. मग उरलं कोण? खेड्यातले गरीब मुलगे बिनलग्नाचे राहतात, त्यांनाही 'पानं झडलेली फांदी' म्हणतातच. पण दोष मात्र शहरातल्या शिकलेल्या मुलीचा. का, तर पुरुषाला आपल्यापेक्षा कमी शिकलेली, कमी कमावणारी बायको हवी.

शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये शनिवार-रविवारी आईवडील मुलांची माहिती कागदावर लिहून लावतात. वय, उंची, पगार, घर. पुष्कळदा ते कागद उघड्या छत्र्यांना टाचलेले असतात. २०१६ साली एका सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातीत याच बागेत मुलींनी आपले फोटो लावले आणि खाली स्वतःचं म्हणणं लिहिलं. जाहिरातच ती, माल विकायलाच केलेली, पण त्यातल्या आयांचे रडवेले चेहरे पाहून माझेही डोळे भरले.

मुलींनी उत्तरही शोधलंय. 'शंग' याच उच्चाराचं दुसरं एक अक्षर आहे, त्याचा अर्थ विजय. ते लिहिलं की कानाला शब्द तोच, पण 'उरलेली'ची होते 'जिंकलेली'.

"आपल्याकडे असा शब्द नाही ना गं?" मी सहज म्हणून गेले.

"घोडनवरी," भाची म्हणाली.

मी गप्प. आमच्या केंद्रात तिशीपुढच्या मुलींची वेगळी फाइल आहे. तिच्यावर लाल शाईने 'वय जास्त' असं लिहिलंय, माझ्याच अक्षरात. मुलग्यांची तशी फाइल नाही. भाचीला एकतीस पूर्ण झालीत. ताईने गेल्याच महिन्यात तिची माहिती माझ्याकडे पाठवली होती.

"मावशी, माझा कागद कुठल्या फाइलीत लावलास?" तिने चकली मोडत विचारलं.

सोमवारी केंद्र उघडल्यावर मी आधी ती फाइल काढली. सगळे कागद नावाच्या क्रमाने लावायला दोन तास गेले.