पोटात एकच पिल्लू: वाट पाहायची की सिझर करायचं?

गाभण कुत्रीचा पंचावन्नाव्या दिवसानंतर एक्स-रे काढला की पिल्लांची हाडं स्पष्ट उमटतात. डॉक्टर फिल्म उजेडासमोर धरून आधी डोकी मोजतात, मग पडताळा म्हणून मणक्यांच्या माळा. चार-पाच पिल्लं असली तर ती एकमेकांवर आलेली असतात आणि पुन्हा पुन्हा मोजावं लागतं. कधी मात्र एकच कवटी दिसते, एकच माळ. घरची मंडळी तेव्हा निश्चिंत होतात. ‘साहेब, एकच आहे, म्हणजे पटकन होऊन जाईल ना?’ माणसाच्या बाळंतपणावरून बांधलेला हा अंदाज कुत्रीच्या बाबतीत बहुतेकदा उलटा पडतो. पोटात एक किंवा दोनच पिल्लं असलेली कुत्री अडण्याची शक्यता पाच-सहा पिल्लांच्या आईपेक्षा जास्त असते.

कारण कळा सुरू करण्याचं काम पिल्लांकडे असतं. गर्भ टिकवून धरणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक आईच्या अंडाशयातून शेवटपर्यंत स्रवत राहतं. दिवस भरले की पिल्लांच्या शरीरात कॉर्टिसॉल वाढतं, त्याने वारेतून आणि गर्भाशयातून प्रोस्टाग्लॅंडिन सुटतं, प्रोजेस्टेरॉन कोसळतं आणि गर्भाशय आकुंचन पावू लागतं. एकट्या पिल्लाचा हा इशारा पुष्कळदा अपुरा पडतो. त्यात गर्भाशय पुरेसं ताणलेलं नसतं, त्यामुळे कळा आल्या तरी त्यांना जोर नसतो. शिवाय सगळं पोषण एकालाच मिळाल्याने पिल्लू मोठं होतं, इतकं की कधी कधी वाटेतून निघतच नाही. तारीख उलटत जाते, आई मजेत खातपीत असते, बाहेरून काहीच बिघडलेलं दिसत नाही, आणि आत वार जुनी होऊन पिल्लाचा प्राणवायू कमी होत जातो.

पॉमेरेनियन, पग, शिह त्झू, ल्हासा अशा लहान जातींत मुळातच पिल्लं कमी, म्हणून हा प्रसंग तिथे जास्त येतो. पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्यांत डोकं मोठं असल्याने धोका आणखी वाढतो. पण एकच पिल्लू दिसलं म्हणून त्याच दिवशी पोट उघडायचं नसतं. मोठ्या, धडधाकट कुत्र्यांत एकुलतं पिल्लू नैसर्गिकपणे जन्माला आल्याची उदाहरणं भरपूर आहेत. एक्स-रेमधली एक कवटी एवढंच सांगते की आता तारीख पाळावी लागेल, आणि तीही काटेकोरपणे.

खरी अडचण तारखेचीच आहे. मेटिंगपासून कुत्री सत्तावन्नाव्या दिवशीही विऊ शकते आणि बहात्तराव्याही. नराचे शुक्रजंतू तिच्या शरीरात अनेक दिवस जिवंत राहतात आणि अंडं सुटल्यावरही पक्व व्हायला दोनेक दिवस घेतं, त्यामुळे मेटिंगचा दिवस हा गर्भधारणेचा दिवस नसतो. अंडं सुटल्यापासून मोजलं तर मात्र हिशोब पक्का आहे: ६३ दिवस, एखादा दिवस इकडे-तिकडे. माजाच्या काळात प्रोजेस्टेरॉनची तपासणी करून घेतलेल्यांना हा दिवस माहीत असतो. बाकीच्यांनी निदान पंचविसाव्या ते पस्तिसाव्या दिवसादरम्यान सोनोग्राफी करावी, तेव्हाच्या गर्भाच्या मापावरून वय बऱ्यापैकी सांगता येतं. वेळेच्या तीन-चार दिवस आधी काढलेल्या पिल्लाची फुप्फुसं तयार नसतात, ते श्वासच घेऊ शकत नाही. उशीर झाला तर ते आतच दगावतं. या दोन्हींच्या मधली जागा फार अरुंद आहे.

ती शोधायचं सर्वांत भरवशाचं साधन म्हणजे रक्तातलं प्रोजेस्टेरॉन. ते मिलिलीटरला २ नॅनोग्रॅमच्या खाली आलं की प्रसूती दिवस-दीड दिवसावर आली असं समजतात आणि तेव्हा सिझर केलं तर पिल्लू पुरं वाढलेलं असतं. हे संप्रेरक माणसात आणि कुत्र्यात एकच असल्याने माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्येही ते मोजून मिळतं. फक्त नमुना दुसऱ्या शहरात जाणार का आणि अहवाल कोणत्या वेळी हाती येणार, हे आधी विचारून ठेवावं. दोन दिवसांनी आलेला आकडा इथे कामाचा नाही.

दुसरं साधन घरातलं थर्मामीटर. अठ्ठावन्नाव्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ गुदद्वारात ताप पाहून वहीत लिहायचा. एरवी ३८ अंश सेल्सिअसच्या वर असलेलं तापमान ३७.२ च्या, म्हणजे ९९ फॅरनहाइटच्या, खाली उतरलं की साधारण चोवीस तासांत कळा येतात. एकट्या पिल्लाच्या वेळी ही उतरण नेमकी दगा देते, ती येतच नाही किंवा इतकी थोडी येते की निसटून जाते. म्हणून ‘ताप उतरला नाही, म्हणजे वेळ झाली नाही’ असं समजून बसू नये. दिवस भरल्यावर सोनोग्राफीत पिल्लाच्या हृदयाचे ठोके पाहावेत. मिनिटाला दोनशेच्या वर असतील तर ठीक. १८० च्या खाली राहत असतील तर पिल्लू त्रासात आहे. १६० च्या खाली गेले तर चर्चा थांबवून ऑपरेशन टेबल गाठायचं.

बालाघाटच्या माणसासाठी या सगळ्यात अंतराची भर पडते. जिल्ह्यातल्या सरकारी पशुदवाखान्यांचं मुख्य काम गाई-म्हशी आणि शेळ्यांचं. मध्य प्रदेशात १९६२ या क्रमांकावर फोन केला की फिरतं पशुचिकित्सा वाहन येतं आणि अडीनडीला त्याचा मोठा आधार आहे, पण भूल देणारा, पोट उघडणारा आणि बाहेर आलेलं पिल्लू सावरणारा असे तिघे रात्री एका जागी मिळणं वेगळंच. बाघ नदी ओलांडली की गोंदिया तासाभरावर. पुढचा मोठा आसरा नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, १९५८ पासूनचं. दुसरीकडे जबलपूरचं, त्याहूनही दहा वर्षं जुनं. पण बालाघाटहून नागपूर चारेक तास आणि जबलपूर त्याहून लांब. मलाजखंड-बैहरकडच्यांना तर आधी घाट उतरून बालाघाट गाठायचं. कळा अडल्यावर निघालेली गाडी पोचेपर्यंत पिल्लाचा जीव उरत नाही. नागपूरच्या धंतोलीत राहणारा माणूस कळांची वाट पाहू शकतो, कारण त्याचा दवाखाना दहा मिनिटांवर आहे. लांजी-कटंगीच्या माणसाला ती चैन नाही. लहान जातीची कुत्री, एकच मोठं पिल्लू आणि दवाखाना दूर, हे तीन एकत्र आले तर मी ठरवून, दिवसाउजेडी केलेल्या सिझरच्या बाजूने आहे. निदान शेवटचे चार दिवस कुत्रीला घेऊन दवाखान्याच्या गावी नातेवाइकांकडे मुक्काम तरी करावा.

घरी वाट पाहायचं ठरलंच तर काही खुणा अंगवळणी पडलेल्या हव्यात. एकही पिल्लू आलेलं नसताना गडद हिरवा स्राव दिसला, तर वार सुटली आहे. अर्धा तास जोरात कळा देऊनही काही आलं नाही, दोन तास नुसत्या हलक्या कळा येत-जात राहिल्या, ताप उतरून चोवीस तास झाले तरी हालचाल नाही, किंवा आई मलूल पडून ओकू लागली, तर यातल्या कुठल्याही एका खुणेवर निघायचं. दुसरीची वाट पाहायची नाही.

आता इंजेक्शनबद्दल, कारण सर्वाधिक नुकसान तिथेच होतं. गोठ्यात दूध सोडवायला ऑक्सिटोसिन टोचण्याची वाईट सवय गावोगाव आहे, दुभत्या जनावराला दूध वाढवण्यासाठी अशी सुई देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा असूनही. तीच बाटली अडलेल्या कुत्रीसाठी काढली जाते. पिल्लू वाटेपेक्षा मोठं असेल तर हे औषध बंद दारावर गर्भाशयाला रेटायला लावतं: वार सुटते, पिल्लू गुदमरतं, क्वचित गर्भाशयच फाटतं. वाट मोकळी आहे, पिल्लू सरळ आहे, ठोके चांगले आहेत, एवढं पाहिल्यावर अगदी थोड्या मात्रेत, गरजेप्रमाणे कॅल्शियमच्या जोडीने, डॉक्टर ते देऊ शकतात. एक्स-रे किंवा सोनोग्राफीशिवाय कुणी सुई भरत असेल, तर मालकाने नम्रपणे पण ठामपणे नको म्हणावं.

सिझरची भीती मात्र जितकी वाटते तितकी खरी नाही. अमेरिका-कॅनडातल्या आठशेहून अधिक कुत्र्यांच्या सिझरचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १ टक्का आया दगावल्या, आणि पिल्लांपैकी जन्मताच ९२ टक्के, सात दिवसांनी ८० टक्के जिवंत होती. यात तातडीची आणि ठरवून केलेली, दोन्ही ऑपरेशनं आली. त्याच संशोधकांच्या पुढच्या कामात झायलाझिन या भुलीच्या औषधाने पिल्लांचे मृत्यू वाढतात, तर प्रोपोफॉल आणि आयसोफ्ल्युरेन वापरलं तर ती जास्त तगतात, असं दिसलं. झायलाझिन स्वस्त आणि सहज मिळणारं आहे, म्हणून ‘भूल कोणती देणार?’ हा प्रश्न तारीख ठरवतानाच विचारावा. डॉक्टरांना त्याचा राग येण्याचं कारण नाही.

पिल्लू बाहेर आलं की नाका-तोंडातला चिकट द्रव शोषून काढायचा आणि कोरड्या टॉवेलने पाठ-छाती चोळत राहायचं. पाय धरून झोके देण्याची जुनी पद्धत आता टाकून द्यावी, त्याने मेंदूला इजा होते. भुलीतून उठलेल्या आईला पिल्लाची ओळख पटायला वेळ लागतो. ती पुरती शुद्धीवर येईपर्यंत पिल्लू उबदार खोक्यात ठेवावं, मग हाताने धरून सडाला लावावं. पहिल्या दिवसातलं चिकाचं दूध त्याला मिळालंच पाहिजे. एकटं पिल्लू सगळे सड ओढत नाही, म्हणून रोज प्रत्येक सड चाचपून पाहावा. गरम किंवा कडक लागला तर ती दाहाची सुरुवात आहे.

पुढच्या विणीचा विचार सिझर ठरवतानाच व्हावा. आईला दोनदा सिझर झालं असेल तर पिल्लांची नोंदणी करायची नाही, असा नियम ब्रिटनच्या केनेल क्लबने २०१२ मध्ये केला. पिल्लू वाटेपेक्षा मोठं असल्याने अडलेल्या लहान कुत्रीला मी तर दुसऱ्यांदाही गाभण करू देणार नाही. आईची प्रकृती ठीक असेल तर गर्भाशय काढण्याचं काम त्याच ऑपरेशनमध्ये होऊ शकतं, दूध तरीही येतं, म्हणून हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवलेलं चांगलं.