पुलाचे गाव

वर्गात परभाषांतून मराठीत आलेले शब्द शिकवताना मी 'पूल' हा शब्द हटकून घेतो. तो फारसी. त्यावर एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, म्हणजे त्याआधी आपण नद्या ओलांडतच नव्हतो का?" सेतू होता, कोकणात साकव होता, असे सांगून मी वेळ मारून नेली. पण पुलाच्या नावाचे वेड तेव्हापासून लागले ते लागलेच.

आमचे मेहुणे नोकरीनिमित्त माद्रिदला असतात. त्यांच्याकडे गेलो तेव्हा मी हट्टच धरला, की मला अल्कांतारा दाखवा. पोर्तुगालच्या सरहद्दीजवळचे हे लहानसे गाव. अरबीत 'अल्-कंतरा' म्हणजे पूल. तेव्हा 'अल्कांताराचा पूल' म्हणजे पुलाचा पूल! अरब आले तेव्हा पूल आधीच सहाशे वर्षांचा होता. त्यांनी गावाला त्याचेच नाव दिले.

रोमन सम्राट ट्राजनच्या कारकिर्दीत, इ. स. १०६ च्या सुमारास तो पुरा झाला. तागुस नदीवर सहा कमानी, लांबी सुमारे १९४ मीटर. ग्रॅनाइटचे चिरे चुन्याशिवाय नुसते एकमेकांवर बसवलेले. खर्च आसपासच्या गावांनी वर्गणी काढून केला, त्यांची नावे दगडावर कोरली होती. (देणगीदारांच्या फरशीची चाल इतकी जुनी आहे!) बांधणारा गायस ज्युलियस लाकेर. पुलाच्या टोकाशी त्याने एक छोटे देऊळ बांधले आणि त्यावरच्या लेखात लिहिले, की हा पूल जगाच्या अंतापर्यंत टिकेल.

नदीपुरते त्याचे म्हणणे खरे ठरले. तागुसच्या पुरांना तो पुरून उरला. तोडला तो माणसांनी. १२१४ मध्ये मुसलमान फौजेने एक कमान पाडली. ती सावकाश १५४३ साली उभी राहिली. १७६० मध्ये पोर्तुगीज येऊ नयेत म्हणून खुद्द स्पॅनिशांनीच एक कमान उडवली, आणि दोन वर्षांत पुन्हा बांधली. १८०९ साली पाळी आली ती फ्रेंचांना अडवण्याची. या वेळी सुरुंग लावला तो इंग्रजांच्या बाजूच्या फौजेने.

पुढची हकीकत मात्र ऐकण्याजोगी आहे. १८१२ मध्ये त्याच बाजूला पलीकडे जायची निकड पडली. सेनापती होता वेलिंग्टन. १८०३ साली आपल्याकडे असईला शिंदे-भोसल्यांशी लढला, तोच हा आर्थर वेलस्ली. त्याच्या इंजिनिअरांनी तुटलेल्या कमानीच्या खिंडारावर जाड दोरांचा झुलता पूल ताणला. शत्रू आलाच, तर तो गुंडाळून घ्यायचा! दगडी पुलाला दोरखंडाचे ठिगळ. आपल्या साकवाचाच भाऊ म्हणाना.

१८३६ च्या यादवीत पुन्हा मोडतोड झाली आणि १८६० साली डागडुजी; पण आता चुना घालून. बिनचुन्याचे काम पुन्हा कोणाला साधले नाही, की कोणाला तेवढी सवड नव्हती, देव जाणे. १९६९ मध्ये जवळच वरच्या अंगाला धरण झाले तेव्हा पात्र कोरडे पडले आणि खांबांचीही दुरुस्ती झाली.

लाकेरचे देऊळ वाचले, कारण पुढे त्याचे चर्च झाले. आम्ही त्याच्या सावलीत दशम्या सोडल्या. समोर तागुस लिस्बनच्या दिशेने चालली होती. वास्को-द-गामाची गलबते निघाली ती तिच्याच मुखातून. पत्नी पुलाकडे बघत म्हणाली, "यातली मोडलेली कमान कोणती हो?" आम्ही तिघेही बराच वेळ शोधत बसलो.