साठीनंतरची सायकल : आधी उतरून पाहा

साठीनंतर हायब्रीड सायकल घ्यावयाची असेल, तर गिअर मोजण्याआधी दुकानातच दोन-चार वेळा चढून-उतरून पाहा. ज्येष्ठांचा तोल बहुधा तेव्हाच जातो आणि हाडे ठिसूळ असली, तर खुब्याचा अस्थिभंग होण्यास तेवढे पुरते. म्हणून मधली दांडी खाली झुकलेली असावी. पुरुषांनी तिला ‘लेडीज’ म्हणून नाकारू नये. प्रारंभी सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीस टेकतील, एवढीच उंची ठेवावी. स्वस्त सायकलींतील पुढचे शॉकअप बहुधा वजनच वाढवतात. तो पैसा चांगल्या ब्रेकसाठी राखावा.

बारामती-इंदापूरकडे ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर बरे. नीरा डाव्या कालव्याच्या कडेने बाभळीचा काटा कोणास सोडत नाही. जादा ट्यूब घरी असू द्यावी. गळीत हंगामात मात्र अंधारात सायकल काढूच नये. उसाच्या ट्रॉलीमागे दिवा असेलच, याची खात्री नसते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास किंवा उठताच चक्कर येत असल्यास आधी डॉक्टरांस विचारावे. हेल्मेट सर्वांनाच हवे. घरच्यांनी पहिले आठ दिवस सोबत राहावे. सीट धरून मात्र धावू नये.